तेरवीचं लुगडं

शाळा माझी तीन वर्गांची. तरी जे झालं ते मीच लिहितो, दुसऱ्यानं लिहिलं तर त्यात पाणी घालील.

पवनारच्या अलीकडचं आमचं गाव. गुरुजी पारावर पेपर वाचत. म्हणत, घटनेत बाई न् गडी बरोबरीचे लिहिलेत, आता कायदाही झाला, बापाच्या जमिनीत पोरीचा वाटा. मी म्हटलं, "गुरुजी, त्या घटनेले एक दिवस माह्या वखरामागं चालाले सांगा!" सारा पार हसला.

त्याच साली बाप गेला. आमच्यात तेरवीला भाऊ बहिणीला लुगडं देतो आणि ती बापाच्या वावरावरचा हक्क सोडते. मी लुगड्यावर हक्कसोडीचा कागद ठेवला, बाजूला शाईची डबी. पटवारी बसलेलाच होता.

बहीण विधवा. तिनं लुगडं माझ्याकडे सरकवलं.

"हे राहू दे, भाऊ. मले माह्या वाट्याचं वावर पाह्यजे. किती दिवस लोकाच्या वावरात निंदत राहू?"

"कोणं शिकवलं तुले?"

"गुरुजी पारावर वाचत, तवा मी का बहिरी होती?"

मी तिचं मनगट धरलं. तिनं मूठ आवळली. मी एकेक बोट उलटं ओढलं. अंगठा तुराटीसारखा कडकन मोडला. ती माझ्या दंडाला कडकडून चावली. मी बैल हाकायची तुतारीची काठी घेऊन तिच्या पाठीत तीनदा हाणली. पंगतीतलं कोणी उठलं नाही. मोडका अंगठा शाईत बुडवून मी कागदावर दाबलाच.

तेवढ्यात मायनं भरला तांब्या माझ्या कपाळावर फेकून मारला.

"मुडद्या! मीनं बी माह्या बापाच्या तेरवीले असंच लुगडं घेतलं होतं. आता बस!"

रक्त डोळ्यात उतरलं. पटवाऱ्यानं कागद उचलून पाहिला. "फराटा आहे हा, ठसा नाई. चालत नाई," म्हणाला, आणि पुढे खात्यावर मायचं, बहिणीचं न् माझं, अशी तिघांची नावं चढवली.

ज्वारी पेरताना तिफणीमागच्या सरत्याच्या नळीत बी सोडायला अंगठा लागतो. तिचा वाकडाच राहिला. त्या साली तिच्या ओळी तुटक उगवल्या, मला मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, रोज दिसायच्या. दुसऱ्या साली पेरणीच्या दिवशी मी बैलजोडी घेऊन गेलो. ती विळा घेऊन धुऱ्यावर उभी.

"पाय टाकशील तर कापीन."

मी बैल वळवले. माफी मागायला गेलोच नव्हतो. पेरून द्यायला गेलतो.