मागे अहोंचा टेम्पो

यंदा नाव द्यायचं की नाही, यावर आठवडाभर माझा नुसता घोळ चालला होता. कारण गेलं वर्ष. चाकण पट्ट्यातली हौशी बायकांची ही सायकल शर्यत, पावसाळा सरल्यावरची मोसमातली पहिलीच, आणि गेल्या वर्षी दुसऱ्याच फेरीत मला मागच्या टेम्पोने गाठलं. हा टेम्पो ठरलेल्या वेगाने सगळ्यांच्या मागून येतो. तो पुढे गेला की आपण बाद. सायकल हौद्यात, आपण केबिनमध्ये. त्यात टेम्पो आमचाच, चालवणारे आमचे अहो. चिखलीतल्या घरी पोचलो तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पडला होता.

शेवटी नाव दिलं आणि अहोंना बजावलं, "माझ्यासाठी हळू चालवायचं नाही."

"आणि गाठलं तर?"

"तर सायकल नीट बांधा. गेल्या वेळी रंग उडाला."

शर्यत गुरुवारी असते, कारण इथल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. कंटेनर नसलेला एमआयडीसीचा रस्ता बघायचा तर ती एकच सकाळ. चिखलीहून येणार असाल तर मोशीमार्गे नाशिक हायवेला लागा, इंद्रायणीचा पूल ओलांडा आणि कुरुळीला आत वळा. पुलावर चांगलंच गार वाजतं, जर्किन असू द्या. फी बेताची, त्यात टी-शर्ट, केळी आणि हवा तेवढा चहा. पोहे मात्र थोडेच खा. नंतर हायवेलगत जी मिसळ मिळते, तिच्यासाठी पोटात जागा हवी.

एकूण तीन फेऱ्या. पहिली झकास गेली, मी घोळक्याच्या मधोमध. दुसऱ्या फेरीत घोळक्याच्या शेपटाला आले आणि जो पराक्रम केला, तो आमच्या कंपनीतल्या बाईनेच करावा. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आत, पिवळ्या पट्ट्यांच्या प्रत्येक क्रॉसिंगला थांबायचं, उजवीकडे बोट दाखवायचं, डावीकडे दाखवायचं, मगच पाऊल उचलायचं. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडलंय. चौकात रस्त्यावर पिवळे पट्टे दिसले आणि मी ब्रेक दाबला, पाय टेकवला, शिस्तीत दोन्हीकडे बोट दाखवलं. झेंडा धरून उभा असलेला स्वयंसेवक बघतच राहिला.

"मॅडम, ट्रॅफिक बंद केलंय. जा की."

तोवर घोळका वळणापार गेला होता. मग मी एकटी, समोरून वारा, आणि मागून ओळखीची खडखड. आमच्या हौद्याची डावी फळी सैल आहे, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. खोटं कशाला सांगू, रडू येत होतं.

पुढे कुरुळीच्या मंदाताई एकट्याच चालल्या होत्या. पन्नाशीच्या, सुनेची सायकल घेऊन आलेल्या. कशीबशी त्यांना गाठलं.

"माज्या मागं ऱ्हा, वारा लागायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "मला दम लागला की तू म्होरं."

"ताई, मागे टेम्पो आहे."

"हाय की. यिऊ दे. त्यो काय पाव्हना हाय व्हय, थांबून त्येला चा पाजायला?"

अशा आलटूनपालटून वारा खात आम्ही शेवटच्या फेरीत त्याच चौकात आलो. पट्टे दिसले. माझी बोटं ब्रेककडे गेलीच.

"थांबू नगंस, बाई," मंदाताई मागून ओरडल्या.

नाही थांबले. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा टेम्पो हाकेच्या अंतरावर होता. आम्ही दोघी सगळ्यांत शेवटी, आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"हळू चालवलात ना?" मी अहोंना दरडावून विचारलं.

"आईशप्पथ नाही. काटा हलू दिला नाही." मग त्यांनी तळवे पुढे केले. घामाने चिंब होते. "माझी काय हालत झाली, बघ."

मिसळ झाली. मंदाताईंनी दोन पाव जास्तीचे मागवले. अहो सायकल चढवायला हौद्याची फळी उघडू लागले, तर म्हटलं, राहू द्या, मी चालवतच येते. मग सगळा हायवे टेम्पो माझ्या मागे, माझ्याच वेगाने. बाकीच्या गाड्या हॉर्न मारत पुढे जात होत्या, हे नाहीत.

शर्यत पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच पदक मिळतं. माझं आता टेम्पोच्या आरशाला लटकतंय. मला मात्र त्याहून जास्त आठवतं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी घडलेलं. तिथे मी सवयीने थांबले. उजवीकडे बोट, डावीकडे बोट. मागे टेम्पोही थांबला. वळून पाहिलं, तर काचेआड अहो गंभीर चेहऱ्याने बोट दाखवत होते, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

रस्ता मोकळाच होता. तरी आम्ही दोघं जरा वेळ तिथेच थांबलो.