वाटीत उरलेल्या घासांचं कारण

मी दोन वर्षं लहान मुलांच्या वाट्या तोलल्या. एक ते दोन वर्षांची मुलं घरी किती खातात, कोण भरवतं, किती टाकतात, यावर एक संशोधन चालू होतं आणि त्यात माझी नेमणूक होती. सकाळी दौंडहून एसटीनं न्हावऱ्याला उतरायचं, पाठीवरच्या पिशवीत छोटा काटा, हातात फॉर्मची फाईल. घरात शिरून वाटी भरवण्याआधी तोलायची, भरवून झाल्यावर उरलेल्यासकट परत तोलायची. सांडलेली शितंसुद्धा गोळा करून तोलायची. मग फॉर्मवर लिहायचं, अन्न का उरलं. कारणांना आकडे दिलेले होते. चार म्हणजे आईचं दुर्लक्ष.

मळ्यातल्या एका वस्तीवर पंधरा महिन्यांची एक मुलगी माझ्या यादीत होती. घर धनगराचं, आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस, कांदा आणि चार गाई. मुलीची आई माझ्यापेक्षाही लहान. पहिल्या भेटीला मुलगी माझ्या काट्याशी खेळली, अर्धी वाटी वरणभात खाल्ला, उरलेला भात कोंबड्यांना टाकत बसली. झोळीच्या काट्यावर मुलीचं वजन थोडं कमी भरलं. मी तसं सांगितलं. सांगायचंच असतं, आम्हाला शिकवलेलं होतं. वरून मी माझं एक वाक्य जोडलं, “जरा लक्ष द्या तिच्याकडं.”

पुढच्या भेटीला मुलगी आईच्या मांडीवर झोपेतच होती. आईनं तिचं तोंड उघडून घास कोंबला, तो तसाच गालात राहिला. मी पाहिलं, वाटी तोलली, चार लिहिलं. त्यापुढच्या भेटीलाही तेच. दर वेळी आई आधी धार काढून, शेणाचे हात धुऊन, घाईनं येऊन बसायची, आणि मला त्या घाईत दुर्लक्ष दिसायचं. आता ते आठवलं की माझाच राग येतो.

पाचव्या भेटीला घास भरवायच्या आधी तिनं कोनाड्यातून एक बाटली काढली. आतलं औषध नारिंगी, बाटलीला लेबल नाही, नुसती पेनानं ओढलेली रेघ. तिनं चमचाभर औषध मुलीच्या तोंडात सोडलं. मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, “भुकंचं हाय. तुम्हीच म्हणला ना ताई, वजन कमी हाय म्हणून. आन् सासूबाई म्हणल्या, फॉर्मवाली परत येईल तवा लाज नको जायला. डॉक्टरनं दिलं. दोन टायमाला एकेक चमचा.”

“हे दिल्यापासून ती झोपते का?”

“झोपतीच की. डॉक्टर म्हणला, झोपलं म्हंजी अंगी लागतं.”

काटा चालू होता, त्यावर रिकामी वाटी. ही मुलगी ज्या दिवशी मी तिच्या आईला सांगितलं त्या दिवसापासून खाईनाशी झाली होती, आणि ती का खात नाही याचं कारण मीच दर वेळी फॉर्मवर लिहीत होते. मी आईला सांगितलं, आजपासून हे बंद, आणि पोरीला उद्या सरकारी दवाखान्यात दाखवा. बाटली मागून घेतली. ती देताना तिला वाटलं, मी रागावलेय. मी रागावले होतेच, पण तिच्यावर नव्हे.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण कारेगावजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत होती. कारखान्यांचे खाद्यपदार्थ, गोळ्या, सिरप यांची तपासणी तिच्या टेबलावर व्हायची. बाटली पाहून ती म्हणाली, सील नाही, बॅच नंबर नाही, याला सॅम्पल म्हणत नाहीत. याचा रिपोर्ट मला देता येणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तिनं मशीनवर ते लावलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ॲलर्जीवरचं औषध होतं, गुंगी आणणारं. त्यानं भूक लागते म्हणून लोक ते टॉनिक समजून देतात. पण या बाटलीत त्याचं प्रमाण इतकं होतं की, ती म्हणाली, मी एक चमचा घेतला तर मलाही झोप येईल.

आमच्या संशोधनाचे प्रमुख समंजस, मृदू बोलणारे गृहस्थ होते. मी त्यांच्यापुढे बाटली ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाईट झालं, पण औषध हा आपला विषय नाही. ही मुलगी यादीतून काढून टाकू.

मी म्हणाले, “सर, मला आता आठवतंय, अशा बाटल्या आणखी तीन घरांत दिसल्या होत्या. तिथंही मी चारच लिहिलंय.”

“मग ती चारही घरं काढू. तुम्ही भावनिक होताय.”

भावनिक! आईचं दुर्लक्ष हा आकडा कागदावर छापताना कुणी भावनिक झालं नव्हतं, कारण ते छापणाऱ्यांपैकी कुणीच पहाटे चार गाईंची धार काढत नव्हतं. चार-चार घरांत आयांनी आमच्याच धाकानं पोरांना गुंगी पाजली, आणि आम्ही ती घरं खोडून मोकळे होणार होतो.

फॉर्मवरची चूक दुरुस्त करायची पद्धत त्यांनीच आम्हाला शिकवली होती. खाडाखोड करायची नाही. एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून त्या चार घरांचे माझे सगळे फॉर्म काढले. प्रत्येक चारवर एक रेघ मारली. पहिल्या घराच्या फॉर्मवर लिहिलं, “मूल गुंगीत होतं. आम्ही वजन सांगितल्यावर आईनं भुकेचं औषध आणलं.” बाकीच्या तीन घरांत औषध तपासलेलं नव्हतं, म्हणून “घरात बिनलेबलची बाटली दिसली होती, मी विचारलं नाही” असं लिहिलं. प्रत्येक ठिकाणी सही केली. महिनाअखेर मला सांगण्यात आलं की पुढचा करार होणार नाही.

औषधांच्या सरकारी कार्यालयात मी लेखी तक्रार दिली. तिथले अधिकारी सभ्यपणे बोलले. बाटली देणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी सीलबंद बाटल्या नेल्या, त्या तपासणीत ठीक निघाल्या. लेबल नसलेली एकही सापडली नाही. जाण्याआधी फोन गेला होता, असं वस्तीवर सगळे सांगतात. माझ्याकडं पुरावा नाही. दवाखाना चालू आहे.

उरलेल्या तीन घरी मी स्वतःच्या गाडीवर जाऊन आले. दोघींनी बाटली माझ्यासमोर मोरीत ओतली. तिसरीच्या सासऱ्यांनी मला अंगणातच थांबवलं. आधी खात नाही म्हणून बोललात, आता औषध का दिलं म्हणून बोलताय, असं ते म्हणाले. त्यांना आबा म्हणून मी पुष्कळ विनवलं. बाटली काही मिळाली नाही.

पहिल्या घरच्या मुलीची गुंगी दोन-तीन दिवसांत उतरली. मी गेले तेव्हा ती गव्हाणीशी उभी राहून भाकरीचा तुकडा चघळत होती. तिच्या आईनं मला चहा दिला आणि सवयीनं वाटी पुढं आणून ठेवली, तोलायला. मी म्हणाले, काटा नाही आणला.

मग ती शांतपणे म्हणाली, “ताई, तुमच्या कागदावर माझं काय लिवलं व्हतं?”

मी खरं सांगितलं. तिनं वाटी उचलली, आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.