कुलूप काढायला आलेल्या आक्का

“खरं तेवढंच लिवा,” असं म्हणून आक्का उजव्या हाताचा पंजा माझ्या टेबलावर पालथा ठेवायच्या. तो उचलेपर्यंत माझं पेन पुढे सरकायचं नाही. नेवाशाला वकिली करताना मी नाना तऱ्हेचे अशील पाहिले. कुणी खरं झाकायला येतो, कुणाला ते थोडं फुगवून हवं असतं. कोर्टाच्या आवारात एखादी दुपार काढली असेल, तर तुम्हीही ही माणसं चेहऱ्यावरून ओळखाल. आक्का त्यांच्यातल्या कुणासारख्याच नव्हत्या.

त्यांना पहिल्यांदा घेऊन आला तो त्यांचा भाऊ, पाथर्डीकडचा शेतकरी. आक्कांना मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. काडीमोड वगैरे काही झाला नाही. आक्का आपली पेटी उचलून माहेरी आल्या, भावाच्या घरी राहिल्या आणि गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाल्या. नवरा शिंगणापुरात. देवळाच्या रस्त्याला त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान, थोडी बागायत जमीन, दारात गाई. पुढे त्याला लकवा झाला. काही वर्षं अंथरुणावर काढून तो गेला. मागे राहिली दुसरी बायको आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी.

मृत्युपत्र नव्हतं. तेरावं झालं आणि मयताच्या धाकट्या भावानं जाहीर केलं, की दुसरं लग्न कायद्यात बसत नाही, तेव्हा सगळ्या मिळकतीचा कारभार आता मी बघणार. त्यानं दुकानाला कुलूप ठोकलं. ज्या गावात घराला दार लावत नाहीत, तिथे कुलूप लावता यावं म्हणून त्यानं आधी नवं शटर बसवून घेतलं.

“साहेब, लग्नाची बायको म्हंजे आमची आक्का,” भाऊ म्हणाला. “दीर कोन कारभार करनारा? आक्काच्या नावानं अर्ज टाका. आन त्या बाईला भाईर काढा.”

कायद्यानं तो फारसा चुकत नव्हता. आक्का आणि ती मुलगी यांच्यात वाटणी होईपर्यंत मिळकतीची देखभाल कोर्ट आक्कांकडे देऊ शकत होतं. तो सांगत गेला तसं मी लिहायला घेतलं. ‘सदर स्त्रीने मिळकतीवर कब्जा करून’ इथवर आलो आणि पंजा टेबलावर आला.

“कब्जा न्हाई. लकवा झालेल्या मान्साला तिनं कुशीवर वळवलं, घास भरवला, त्याची घान काढली. मी तवा माहेरी हुते. खरं तेवढंच लिवा.”

“आक्का, तुज्या जल्माचं वाटोळं केलं तिनं,” भाऊ म्हणाला.

“ते त्यानं केलं.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “कारभार माज्या नावानं मागा, वकीलसाहेब. कुलूप निघू द्या. दुकानात तीच बसंल.”

भाऊ उठला. दारात थांबून म्हणाला, “मग माज्या घरी येऊ नको.”

तो निघून गेला. ज्या घरात आक्कांनी निम्मं आयुष्य काढलं, ते त्यांच्या एका वाक्यानं गेलं होतं. मी पाणी पुढे केलं. ते पिऊन पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, “अर्ज आजच हुईल ना?”

सुनावणी चालू होती तोवर त्या अंगणवाडीच्या सेविकेकडे राहिल्या. तारखेला पाथर्डीहून एसटीनं यायच्या आणि पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहायच्या. समोरच्या बाकावर सवत बसलेली असायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत.

उलटतपासाच्या दिवशी दिराच्या वकिलांनी थेट दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “या बाईनं तुमचा संसार मोडला, हे खरं आहे की नाही?”

“त्यानं आनली तिला. ती काय त्याला पळवून न्यायला आल्ती?”

“म्हणजे तुम्हाला तिचा राग नाही?”

“लई हाय. अजून तिच्याशी येक शबुद बोलले न्हाई. पन त्या रागाचा आन दुकानाचा काय संबंध?”

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. समोर बसलेल्या सवतीनं पदर तोंडाला लावला होता.

निकाल आक्कांच्या बाजूनं लागला. दीर वरच्या कोर्टात गेला नाही. कुलूप काढायच्या वेळी मीही शिंगणापुरात होतो. शटर वर गेलं, आतून कोंदट तेलाचा वास आला. धाकटी सवत खाली मान घालून उभी होती.

“बघत काय उभी ऱ्हायलीस? झाडू आन,” आक्का म्हणाल्या. तिला उद्देशून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

त्या दुकानामागच्या खोलीत राहायला आल्या. सुरुवातीला चूल वेगळी. कोणती गाय विकायची, शेत कुणाला वाट्यानं द्यायचं, हे ठरवायच्या आक्का. गल्ल्यावर बसायची धाकटी. एकदम गूळपीठ झालं असं मी म्हणणार नाही. मी गेलो की दोघी एकमेकींच्या तक्रारी सांगायच्या. आक्का म्हणायच्या, “हिच्या आमटीत मिठाचा पत्ता न्हाई.” त्यावरून मला कळलं, की चूल एक झाली होती. मुलीला नगरला नर्सिंगला घालायचा निर्णय आक्कांनीच घेतला. तिची आई तिला लांब पाठवायला घाबरत होती.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. दुपारी जेवून लवंडल्या, त्या उठल्याच नाहीत. पाथर्डीहून भाऊ आला, लहान मुलासारखा रडला. अग्नी मुलीनं दिला.

त्याआधी काही दिवस मी सहज दुकानावर गेलो होतो. उन्हाची वेळ, रस्त्यावर भाविक नव्हते. पायरीवर आक्का बसलेल्या, खालच्या पायरीवर धाकटी. चाळिशी उलटलेल्या त्या बाईचे केस मोकळे सोडून आक्का तिच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. “डोकं धर की सरळ,” त्या तिच्यावर करवादल्या. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. मी हाक न मारता तसाच मागे फिरलो.