नदीची बोट का समुद्राचं जहाज?

आज दुपारी माझ्या प्रशांतचा पुण्यावरनं फोन आला. तो आणि विनय परदेशात पाण्यावरनं फिरायला निघालेत, ऱ्हायचं-जेवायचंबी तिथंच. व्हय, दोघं पुरुष एकत्र ऱ्हात्यात, नवराबायकोसारखं. ज्याला पटत न्हाई त्यानं वाचू नये.

मला म्हनला, "आई, नदीची बोट घेऊ का समुद्राचं जहाज? बोट लहान असती, सगळी एका टेबलावर जेवत्यात, वळखी व्हत्यात. जहाजात आख्खं गाव मावतं."

मी पटकन बोलले, "जहाजच घ्या. गर्दीत तुमच्याकडं कोण बघत न्हाई."

तो हळूच म्हनला, "तिथंबी लपूनच ऱ्हायचं व्हय आई? एकदा तरी नाव सांगून पंगतीत बसायचंय आमाला. बोटच घेतो."

फोन ठेवला. आमच्या भावकीत लगीन ठरलं की घरोघरी जोडीला केळवण असतं. कराडपासून तासगावपर्यंतच्या लय जोड्यांना मी पुरणपोळ्या वाढल्या. माझ्या पोराच्या जोडीचं पान कुणीच मांडलं न्हाई. मीबी न्हाई. म्हणून ती दोघं परक्या नदीवर जेवायला चालल्यात.

खरं सांगा, तुमी बोलावलं असतं का?