गणपतीपुळ्याहून आलेली गाठ

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मंजुषा राजनंदिनीच्या मानेमागे कंगव्याची शेपटी घालून एकेक केस सोडवत होती. तळहाताएवढी गाठ सकाळपासून निम्मी झाली होती. पाथरीच्या बाजारातल्या तिच्या एका खोलीच्या पार्लरात पंखाही बंद होता. वारा लागला की सुटलेले केस पुन्हा अडकत.

राजनंदिनीचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. लग्नाआधी मंजुषानेच तिचे केस ब्लीच करून सोनेरी बटा काढल्या होत्या. कोणता शाम्पू, किती तेल, सगळं बजावलं होतं. समुद्राचं राहिलं. पाथरीत ते सुचणार कोणाला? लग्नानंतर मंडळी जीप करून तुळजापूर, कोल्हापूर करत गणपतीपुळ्याला गेली. राजनंदिनी आणि नणंद पंकजा समुद्रात मनसोक्त भिजल्या. ओल्या केसांचा अंबाडा बांधून राजनंदिनी परतीच्या रात्री जीपमध्ये डोकं टेकून झोपली. घरी येऊन बोअरच्या पाण्यात तसेच केस खसाखसा चोळले. अंबाडा सुटेचना.

सासूची थोरली जाऊ चांगुणाबाई गावाहून आली, तिनं गाठ पाहिली आणि हात जोडले. "जट हाय ही. देवीनं मागणं घातलंय." जटेला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच; एकदा तिच्यावर भंडारा पडला की ती जन्माची, आणि ती बाईही देवीची.

आता सासू कस्तुराबाई पंकजाला घेऊन बाकावर बसली होती. चांगुणाबाई मात्र दारातून हलत नव्हती.

"एका समुद्रात दोघी भिजल्या," ती मंजुषाला म्हणाली. "पंकजाला काय झालं न्हाई. हिलाच का? सांग की."

"पंकजाचे केस जसे उगवले तसे हायेत, मावशी. त्यात तेल लावलेलं, वेणी घातलेली. खाऱ्या पाण्यानं राठ झाले, दोनदा धुतले, सुटले. हिच्या केसांचं वरचं साल ब्लीचनं आधीच उघडं पडलेलं. पाणी आत शिरलं, वाळल्यावर मीठ राहिलं. मग केसाला केस धरणारच."

"तूच रंगवलंस, अन् तूच झाकायलीस!"

मंजुषाला ते लागलं, पण खोटं नव्हतं. गाठ सुटली नाही तर बोट तिच्याकडेच वळणार होतं. तिनं पंकजाचा एक गळलेला केस मागून घेतला, ओला करून ताणला. सोडल्यावर तो आखडून पूर्ववत झाला. मग कंगव्यात आलेला राजनंदिनीचा केस ताणला. तो रबरासारखा लांबत गेला आणि तुटला.

"तोडला गं बाई!" चांगुणाबाई किंचाळली. "देवीचा केस तोडला हिनं! कस्तुरा, डोळे फुटले का तुजे?"

"आई, मला न्हाई ठेवायची ही," राजनंदिनी आरशातल्या सासूकडे बघत म्हणाली.

कस्तुराबाई उठली, बसली, पुन्हा उठली. "जाऊबाई, आमच्या कडूची जट ठेवली होती. बहीण माझी. लग्न केलं न्हाई तिचं कोणी. शेवटी शेवटी मान वळत नव्हती." मग मंजुषाला म्हणाली, "उकल तू."

"मंग मी बी सांगते," चांगुणाबाईनं पदर खोचला. "उद्या मंगळवार. गावच्या देवळातला भंडारा घेऊन येते. काय उरलं आसंल त्याला लावते. मंग बघू कोण कंगवा घालतंय." घरी म्हशीच्या धारेची वेळ झाली होती, ती जीपच्या थांब्याकडे निघाली.

अंधार पडेपर्यंत अंगठ्याएवढी गाठ उरली, अगदी मुळाशी. तिथली कातडी लाल होऊन सुजली होती. आणखी ओढलं असतं तर केस मुळासकट आले असते. मंजुषानं गाठीत खोबरेल जिरवलं, वरून सैल सुती ओढणी बांधली आणि हात धुतले. बोटं वळत नव्हती.

"मोठ्या आई भंडारा घेऊन लवकर आल्या तर?" राजनंदिनीनं विचारलं.

चांगुणाबाईच्या गावाहून पाथरीची पहिली जीप सकाळी साडेसातला सुटते आणि आठला बाजारात पोचते. मंजुषाचं पार्लर एरवी साडेनऊला उघडतं. उद्या ते साडेपाचला उघडेल.