लाल दोऱ्याचं दोडकं

समोरच्या गच्चीवर सकाळी दामूकाका तोडलेलं दोडकं लाल दोऱ्याने परत वेलीला बांधत होते. मी खिडकीतून बघतोय हे लक्षात आल्यावर ओशाळून म्हणाले, "दोरा बांधलाय म्हणजे तयार झालंय, असं वाटलं मला. आणि आज कुसुम घरी येतेय."

कुसुमकाकू पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. तेवढे दिवस काकांनी झेंडूला, शेवंतीला, वेलींना न चुकता पाणी घातलं. पण दोरा बांधलेलं फळ बियाण्याचं असतं, हे त्यांना आधी कोण सांगणार? सगळ्यांत चांगलं दोडकं वेलीवरच वाळू द्यायचं, पुढच्या पावसाळ्यासाठी. घरात भाजी नसली तरी त्याला हात लावायचा नाही. मला ही रीत फार आवडते. एरवी आपण हावरट माणसं. पण एका कुंडीपुरतं तरी चांगलं ते पुढच्यासाठी ठेवतो.

दुपारी काकू आल्या. धापा टाकत जिना चढून आधी गच्चीवरच गेल्या. दोडकं एव्हाना मलूल होऊन दोऱ्याला लोंबत होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"छान राखलंत हो सगळं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी पुन्हा खिडकीशी गेलो. मलूल दोडकं त्यांनी काढलं नव्हतं. खाली पानाआड, काकांना सहज दिसणार नाही अशा जागी, एका कोवळ्या दोडक्याला नवा दोरा बांधलेला होता.