रामाकोन्याचा खण

डिंकाचा वास आला की मला सौसरमधलं वकीलसाहेबांचं ऑफिस आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथं टायपिस्ट होते. टाइप केलेला कागद मी भिंतीतल्या त्या त्या गावाच्या खणात ठेवायची, आणि म्हातारे कारकून मुन्शीजी खणावरची गावाच्या नावाची चिठ्ठी वाचून तिथून उचलून त्या गावी पोचवायचे. एका दुपारी रामाकोन्याचा एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन आत घुसला. "कोर्टाच्या स्टेचा कागद माह्या भावाले काऊन नाही पोचवला? संत्र्याची सारी झाडं कापली त्यानं!" "खणात कागदच नव्हता, भाऊ," मुन्शीजी म्हणाले. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या तोंडावर हाणला. दात तुटले, रक्त माझ्या टाइपरायटरवर उडालं. ते खाली पडले तरी तो मारतच होता. "धरा कोणी, जीव घेऊन राहिला हा!" मी ओरडले. लोकांनी त्याला ओढून नेल्यावर मी खण तपासले. कागद मोहगावच्या खणात होता. भिंतीला चुना मारल्यावर चिठ्ठ्या मीच डिंकानं परत चिकटवल्या होत्या, त्यात या दोन गावांच्या अदलाबदल झाल्या, आणि कागद मात्र मी सवयीनं जुन्याच जागी ठेवला. मी चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या, आणि कागद रामाकोन्याच्याच खणात दिसू लागला. वकीलसाहेबांनी मुन्शीजींना काढून टाकलं. जाताना सुजलेल्या तोंडानं ते म्हणाले, "पोरी, मी खण पाह्यला होता ना?" मी 'हो' म्हणाले नाही. आज मी त्यांच्या वयाची झाले आहे, आणि अजूनही कोणापुढे म्हटलेलं नाही.